घर बाईच्या नावावर, फ्रिज बाहेरच्या खोलीत

२०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली, तेव्हा घरकुल कुणाला द्यायचं नाही हे ठरवणारी १३ निकषांची एक यादी होती. घरात चारचाकी असेल, कुणी सरकारी नोकरीत असेल, कुणी प्राप्तिकर भरत असेल, अडीच एकर बागायत जमीन आणि पाणी उपसायचं साधन असेल, तर घरकुल नाही. इथपर्यंत कुणाची हरकत नसावी. पण त्याच यादीत आणखी एक ओळ होती. घरात फ्रिज असेल, तरी घरकुल नाही. एक निकष लागू झाला तरी नाव कटत असे. म्हणजे कुडाच्या घरात राहणाऱ्या, कुणाकडून तरी जुना फ्रिज स्वस्तात घेतलेल्या बाईचं कुटुंब आणि चारचाकीवाल्याचं कुटुंब सरकारच्या लेखी एकाच रांगेत.

ही ओळ २०२४ मध्ये काढली गेली. योजनेचा पुढचा टप्पा मंजूर झाला तेव्हा १३ निकषांचे १० झाले. दुचाकी, मासेमारीची यांत्रिक होडी, लँडलाइन फोन आणि फ्रिज या वस्तू असल्या म्हणून आता घरकुल नाकारता येत नाही. त्यानंतर नव्यानं सर्वेक्षण झालं, मोबाइलवरून स्वतःचं सर्वेक्षण स्वतः करण्याची सोयही झाली. शिरूर आणि दौंड या आमच्या दोन तालुक्यांतही गावोगाव याद्या निघताहेत, जोती भरली जाताहेत.

अशा वेळी स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आपण घर कुणाच्या नावावर झालं एवढंच विचारतो. तो प्रश्न महत्त्वाचाच आहे. २००३ साली ‘घर दोघांचे’ हा शासन निर्णय आला, ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लागावं म्हणून आपण सर्वांनी पायपीट केली. घरकुल योजनेतही घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचं, असा नियम आहे. पण उताऱ्यावर नाव लागलं की आपलं काम संपलं असं मी मानत नाही. त्या घराच्या भिंती कुठं येणार, ओटा किती लांब होणार, बोर्ड कुठं लागणार, हे कुणी ठरवलं? या लेखात मला हा प्रश्न एका साध्या वस्तूच्या आधारानं मांडायचा आहे. नव्या घराच्या स्वयंपाकघरात फ्रिजला जागा का नाही?

भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दौंडकडे ऊस, साखर कारखाने, गुऱ्हाळं, कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत आणि रेल्वेचं जंक्शन. शिरूरकडे कांदा, तरकारी आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत. या रांजणगावात एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे फ्रिज बनवणारे कारखाने आहेत. देशभरच्या स्वयंपाकघरांत जाणारे फ्रिज ज्या तालुक्यात तयार होतात, त्याच तालुक्यातल्या गरीब बाईला आठ वर्षं सांगितलं गेलं की तुझ्या घरात तो असेल तर तू गरीब नाहीस.

या एका ओळीनं काय झालं ते वस्त्यांवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. सर्वेक्षणाला माणूस येणार म्हटलं की फ्रिज शेजारी हलवायचा, त्यावर गोधड्या रचून चादर टाकायची. माहेरून फ्रिज देऊ करणाऱ्या भावाला बहिणीनं सांगायचं, “दादा, आत्ता नको. घरकुल जाईल.” यात लबाडी बघू नका. दारिद्र्य मोजायला ही पट्टी ज्यांनी बनवली, त्यांनी फ्रिजकडे चैनीची वस्तू म्हणूनच पाहिलं. गार पाणी, सरबत, आइस्क्रीम एवढंच त्यांना दिसलं. रोज दोन वेळचा स्वयंपाक शिजवून, उरलेलं राखून, नासलेलं फेकून परत नव्यानं शिजवणाऱ्या बाईचे तास त्यांच्या हिशेबात आलेच नाहीत.

हे तास किती आहेत, ते सरकारच्याच आकड्यांवरून समजतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. बायकांचे पावणेपाच तासांहून जास्त. हे बिनमोलाचं काम आहे आणि त्यात मोठा वाटा स्वयंपाकाचा.

आता आमच्याकडच्या बाईचा दिवस पाहा. कंपनीच्या पहिल्या पाळीला जाणारी अंधारातच उठते, कारण गाडी चौकात थांबत नाही. खुरपणीला, कांदा काढायला जाणारी आठाच्या आत डबा बांधते. दौंडहून लोकल धरून पुण्याला कामाला जाणारीचं घड्याळ रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतं. तिघींना संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा चूल. चैत्र-वैशाखात, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात, सकाळची आमटी दुपारपर्यंत टिकत नाही. दूध दोनदा-तीनदा तापवावं लागतं. बाजाराची भाजी तिसऱ्या दिवशी सुकते. म्हणून रोज थोडं आणायचं, रोज निवडायचं, रोज ताजं करायचं.

आणि उरलेलं अन्न कुणाच्या ताटात जातं? शिळं कोण खातं, याचं उत्तर आपल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. “टाकवत नाही ओ ताई,” म्हणत वास आलेला भात फोडणी देऊन स्वतः खाणारी बाई मला प्रत्येक वस्तीवर भेटली आहे. पोरांना ताजं, पुरुषाला गरम आणि तिला शिळं, ही वाटणी फ्रिजनं मोडत नाही. पण तिच्या वाट्याला आलेलं शिळं निदान नासलेलं तरी नसेल.

औषधांचाही प्रश्न आहे. मधुमेह आता शहराचा, श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. वापरात असलेली बाटली बाहेर चालते, पण साधारण चार आठवडे आणि तीही फार उष्मा नसेल तर. पत्र्याच्या घरात मे महिन्यात हा उष्मा किती असतो, ते सांगायला नको. बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणाऱ्या बाईला फ्रिज ही चैन आहे असं म्हणायला जीभ कशी वळेल?

तरीही आपल्या गटांत फ्रिजचा विषय निघाला की आपण बिचकतो. त्याला कारण आहे. आपल्या चळवळीला फ्रिज पहिल्यांदा भेटला तो हुंड्याच्या यादीत. स्कूटर, सोनं, टीव्ही, फ्रिज. १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा असूनही ‘संसाराला उपयोगी’ म्हणून तो अजून लग्नात येतो आणि आला नाही म्हणून सुनेचा छळ होतो. या वस्तूसाठी जाळलेल्या, हाकललेल्या मुलींची प्रकरणं आपण हाताळली आहेत. त्यामुळे बाईला फ्रिज हवा असं म्हणताना बाजाराची भाषा बोलतोय असं वाटतं. पण दोष वस्तूचा आहे की ती कुणी, कुणाकडून, कशी मिळवली त्याचा? हुंड्यात मागितलेला फ्रिज हा गुन्हा आहे. बाईनं स्वतःच्या मजुरीतून, बचत गटाच्या कर्जातून घेतलेला फ्रिज तिच्या श्रमाचं साधन आहे. शेतकऱ्याच्या मोटरीला आपण चैन म्हणत नाही.

आता पुन्हा घराकडे येऊ. आधीच्या इंदिरा आवास योजनेत किमान २० चौरस मीटरचं घर होतं. २०१६ पासून ते किमान २५ चौरस मीटर झालं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची स्वतंत्र, स्वच्छ जागा हवी असं नियमच म्हणतो. मूळ अनुदान १ लाख २० हजार. महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सौरऊर्जेसाठी. शौचालयाचे १२ हजार वेगळे. एवढ्यात घर पूर्ण होत नाही, प्रत्येक कुटुंब वर कर्ज काढतं. अशा घरातला एकेक फूट मोलाचा असतो, हे मान्य.

पण तो फूट कसा वाटला जातो? मी जी घरकुलं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत बाहेरची खोली सगळ्यात मोठी, कारण तिथं पाहुणे बसतात, पुरुष बसतात, टीव्ही असतो. स्वयंपाकघर उरलेल्या जागेत, सात बाय आठ फुटांचं वगैरे. गवंडी एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत कडाप्प्याचा ओटा घालतो, समोरच्या भिंतीला मांडणी ठोकली जाते, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. विजेचा बोर्ड एकच, तोही दारापाशी. वर्षा-दोन वर्षांनी फ्रिज येतो आणि मग तो जातो बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी. वर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ.

बाहेरच्या खोलीतला फ्रिज घराची शोभा वाढवतो, पण बाईचं काम वाढवतो. फोडणी टाकल्यावर कोथिंबीर आणायला, दूध काढायला, ठेवायला तिला दिवसातून पंचवीस वेळा बाहेर यावं लागतं. बाहेर सासरे, दीर, नवऱ्याचे मित्र बसलेले. म्हणजे दर खेपेला पदर सावरायचा. रात्री बाहेरच्या खोलीत पुरुष झोपले की फ्रिज उघडायची चोरी. तान्ह्या बाळाच्या आईलाही दूध काढायला संकोच. शिवाय फ्रिज बाहेर असला की त्यावर लक्षही बाहेरचंच. काही घरांत फ्रिजला कुलूप आणि किल्ली सासूच्या कमरेला, हेही आपण पाहिलं आहे. घरातल्या गरजेच्या वस्तू आणि सोयी बाईला वापरू न देणं हा आर्थिक छळ आहे, असं २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सांगतो. बैठकीत हे कधीतरी स्पष्ट सांगायला हवं.

जुन्या घरात असं नव्हतं. तेही घर बाईला राबवणारंच होतं, त्याचं गोडवं गाण्याचं कारण नाही. पण साठवणीच्या प्रत्येक वस्तूला तिथं ठरलेली जागा होती. दुधा-लोण्याला शिंकाळं, धान्याला कणगी, कोरड्या जिनसांना उतरंड, दिव्याला देवळी, पाण्याला माठाची तिवई. घर बांधतानाच त्या जागा ठरत, कारण त्यांच्यावाचून संसार चालणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्लॅबच्या नव्या घरात शिंकाळं गेलं, उतरंड गेली, आणि त्यांच्या जागी जी वस्तू आली तिचा विचार मात्र नकाशात नाही.

फ्रिजला लागते तरी किती जागा? एका दाराचा, साधारण १९० लिटरचा फ्रिज पावणेदोन फूट रुंद आणि सव्वादोन फूट खोल असतो. मागं चार बोटं आणि दोन्ही बाजूंना थोडी हवा खेळायला हवी, कारण आतली उष्णता तो बाहेर फेकत असतो. भिंतीला चिकटवला तर मशीन जास्त चालतं आणि बिल वाढतं. तेव्हा अडीच फूट बाय अडीच फूट, म्हणजे सव्वासहा चौरस फूट धरा. २६९ फुटांतले सव्वासहा फूट. समोर दार उघडायला आणि खाली बसून भाजीचा खण ओढायला तीन फूट मोकळं हवं, पण ती वावरायचीच जागा आहे, वेगळी द्यावी लागत नाही.

एवढ्यासाठी गवंड्याला चार गोष्टी सांगायच्या. पहिली, ओटा अडीच फूट आखूड कर. दुसरी, शेगडी त्या कोपऱ्यापासून लांबच्या टोकाला येऊ दे, कारण शेगडीची धग आणि खिडकीतून येणारं ऊन फ्रिजला सोसत नाही. तिसरी, त्या कोपऱ्याच्या भिंतीत प्लास्टर होण्याआधी वायर टाकून तीन पिनांचा स्वतंत्र सॉकेट बसव आणि अर्थिंग खरंच जमिनीत उतरव. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईला शॉक बसतो, तो या अर्थिंगच्या वाचवलेल्या पैशांमुळे. बाहेरच्या खोलीतून आणलेली लोंबती वायर हा उपाय नव्हे. चौथी, त्या कोपऱ्यावर मांडणी किंवा माळा ठोकायचा तर सहा फुटांच्या वर. आज फ्रिज घ्यायचा नसला, घेण्याची ऐपत नसली, तरी कोपरा सोडावा. तोवर तिथं माठ राहील, धान्याची कोठी राहील. जागा वाया जात नाही. पण ओटा एकदा भिंतभर झाला की तो फोडायला कुणी तयार होत नाही.

हे सगळं कधी बोलायचं? जोतं आखताना. या योजनेत ठेकेदार नेमता येत नाही, लाभार्थ्यानं स्वतः घर बांधायचं असतं. म्हणजे कागदावर तरी निर्णय आपल्या हातात आहे. पण गवंड्याशी बोलणारा घरातला पुरुष आणि ‘लाभार्थी’ म्हणून अंगठा देणारी बाई चहा करायला आत. हप्त्यासाठी घराचे फोटो अॅपवर चढतात, त्या फोटोत लाभार्थी बाई घरासमोर उभी असते. तिला आखणीच्या दोरीपाशी उभं करणं हे आपलं काम आहे.

बाईनं मोजून बांधलेलं स्वयंपाकघर ही काही नवी कल्पना नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांची घरं बांधली जात होती, तेव्हा मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईनं स्वयंपाक करताना बाईची किती पावलं वाया जातात याचा अभ्यास करून १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. पुढे १९७०च्या दशकात स्त्रीवाद्यांनी त्यावर टीकाही केली. एकाच माणसाला उभं राहता येईल अशा खोलीत बाई एकटी कोंडली गेली आणि काम तिचंच राहिलं, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात. जागा नीट आखली तर श्रम वाचतात. पण ते कुणी करायचे हा प्रश्न जागेनं सुटत नाही.

हाच आक्षेप फ्रिजवरही येतो. यंत्रं आली तरी बायकांचं काम कमी झालं नाही, अपेक्षा वाढल्या, असं रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईनं १९८३ मध्येच दाखवून दिलं. आपल्याकडेही फ्रिज आला की बाटल्या भरणं, बर्फाचा थर काढणं, पाहुण्याला गार पाणी देणं ही नवी कामं बाईकडेच येतात. म्हणून मी फ्रिजला मुक्तीचं साधन म्हणणार नाही. पण स्वयंपाकाची वाटणी होईल तेव्हा होईल, तोवर बाईनं रोज दूध तीनदा तापवत राहावं, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? शिवाय दोन वेळचं चिरलेलं, भिजवलेलं, मळलेलं फ्रिजमध्ये असलं, तर संध्याकाळी आधी घरी आलेल्या पुरुषालाही पोळी-भाजी करायला सबब राहत नाही. पण त्यासाठी स्वयंपाकघरात दोघं उभी राहतील एवढी जागा हवी.

दुसरा आक्षेप बिलाचा. एका दाराचा फ्रिज वर्षाला साधारण दीडशे ते दोनशे युनिट वीज घेतो, तो आकडा त्यावरच्या ताऱ्यांच्या पट्टीवर छापलेला असतो. महिन्याला बारा ते सतरा युनिट. महावितरणच्या दरात शंभर युनिटांच्या आतला आणि वरचा दर यांत मोठं अंतर आहे, म्हणून हा हिशेब आधी करावा. जास्त ताऱ्यांचा लहान फ्रिज, मोठ्या जुन्या फ्रिजपेक्षा बरा. बिलाची चर्चा घरात जरूर व्हावी, पण ती रात्रभर चालणाऱ्या टीव्हीसकट व्हावी.

१९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या साथिणींनी महागाईविरोधात हजारो बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं, तेव्हा स्वयंपाकघर हा राजकारणाचा विषय आहे हे महाराष्ट्राला कळलं. आमच्या दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात होरपळलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी मुक्ती मिशनच्या भिंती उभ्या केल्या, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. बाईच्या डोक्यावर छप्पर असणं आणि त्या छपराखालची जागा तिच्या हातात असणं, या दोन्ही लढाया आपल्या जुन्याच आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. यंदा ज्या ज्या गावांत घरकुलं मंजूर झाली आहेत, तिथल्या बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या बैठकीत हा विषय घ्या. जमिनीवर खडूनं २६९ फुटांचं घर आखा आणि बायकांनाच भिंती ठरवू द्या. महिला ग्रामसभेत ठराव करा की घरकुलाच्या आखणीच्या वेळी लाभार्थी बाई हजर असेल आणि नकाशा तिला वाचून दाखवला जाईल. पंचायत समितीच्या घरकुल इंजिनिअरकडे मागणी करा की नमुना नकाशात स्वयंपाकघरात साठवणीचा कोपरा आणि अर्थिंगसह सॉकेट दाखवला जावा. आणि निकषांच्या याद्या पुढे कधी बदलल्या, तर बाईचे श्रम वाचवणारी कोणतीही वस्तू श्रीमंतीची खूण म्हणून पुन्हा त्यात येणार नाही, यावर लक्ष ठेवा. आज फ्रिज गेला, उद्या मिक्सर किंवा धुण्याचं मशीन येऊ शकतं.

गवंडी दोरी लावून एकदाच आखणी करतो. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, पण जिच्या नावावर घर आहे तिनं तिथं उभं राहायलाच हवं.